गॅसवाल्याची पाद्यपूजा

कल्लप्पानं त्या सकाळी सगळ्या बोळाची नावं घेतली आणि शिवबाईचं घेतलं नाही.

चन्नप्पा उंबरजे रिकामं सिलिंडर उंबऱ्यात घेऊन उभे होते. शुक्रवार पेठेतल्या त्या बोळात टेंपो शिरत नाही. म्हणून कल्लप्पा बोळाच्या तोंडाशी टेंपो लावतो, पान्यानं सिलिंडरवर ठणठण करतो आणि पावत्यांवरची नावं एकामागून एक ओरडतो. ज्याचं नाव येईल त्यानं दारातून "व्हय" म्हणायचं, की भरलेलं सिलिंडर गडगडत येतं. उंबरज्यांचं कार्ड त्यांच्या बायकोच्या, शिवबाईच्या नावाचं, म्हणून हाकही तिच्याच नावाची. ती होती तेव्हा आतून ओरडायची, "आले रे बाबा, गाव गोळा करू नको!"

ती गेल्यावर पहिल्यांदा सिलिंडर आलं तेव्हा कल्लप्पानं सवयीनं हाक मारली, "शिवबाई उंबरजेऽऽ!" मारल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं. पण चन्नप्पा दारात आले आणि म्हणाले, "व्हय. हाय." तेव्हापासून तसंच चाललं होतं. मुलगा महेश्वर पुण्याला नोकरीला, सुटीला घरी यायचा, आला की म्हणायचा, "अप्पा, कार्ड तुमच्या नावावर करून घ्या." चन्नप्पा म्हणायचे, करतो की. करत नव्हते. घरात शिवबाईचं नाव निघालं की सून डोळे पुसायची, मुलगा विषय बदलायचा, पाहुणे उसासे टाकायचे. तिचं नाव खणखणीत आवाजात घेणारा जगात एकच माणूस उरला होता आणि तो सिलिंडरवाला होता.

"कल्लप्पा, आमचं?" चन्नप्पांनी हाक दिली.

कल्लप्पानं पावत्या पुन्हा चाळल्या. "अण्णा, तुमचं नाव न्हाय की."

"न्हाय म्हंजे? नंबर लावलाय मी."

कल्लप्पानं एजन्सीला फोन लावला. बराच वेळ हं हं केलं, मग बोळात चालत आला. एवढ्या वर्षांत तो सिलिंडर न घेता त्या दारापर्यंत पहिल्यांदाच आला असावा.

"कनेक्शन बंद दाखवतंय, अण्णा. तुमी जमा केलंय म्हणं. पाइपच्या गॅसला गेलाय."

"कोण गेलंय?"

"शिवबाई अक्का."

"ती गेलीय खरं," चन्नप्पा म्हणाले, "पण तिकडं न्हाय गेली."

कल्लप्पानं भिंतीकडे बोट केलं. दाराशेजारी भिंतीवर एक पिवळी डबी होती. तिच्यातून पाइपचा हातभर तुकडा खाली आला होता आणि जमिनीपर्यंत पोचायच्या आत संपला होता. 'घरज्योत' नावाच्या कंपनीची माणसं मध्यंतरी येऊन ती ठोकून गेली होती. आणखीही काही घरांवर तशा डब्या होत्या. बोळात खड्डा कुणी खणला नव्हता, पाइप कुणी पुरला नव्हता. शेजारच्या केराबाई त्या डबीवर पोतेरं वाळत घालायच्या, तेवढाच तिचा उपयोग.

केराबाई आता दारात आल्याच होत्या. बोळात झाडाचं पान पडलं तरी त्या बाहेर येतात, इथे तर माणसं बोलत होती.

"अवं चन्नप्पा, ते अमावास्येचे स्वामी न्हाई का आले होते? त्यांनीच तर तुमच्याकडनं काय ते फोनवरचं—" एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला. "अगं बया."

चन्नप्पा सिलिंडरवर बसले. रिकामं होतं, ते त्यांच्यासकट डुगडुगलं.

संध्याकाळी सून काव्या शाळेतून आली. ती शाळेत शिकवते आणि घरीसुद्धा एखादी गोष्ट समजून घ्यायची असली की समोरच्याला फळ्यापाशी उभं केल्यासारखं विचारते.

"मामा, कुठले स्वामी?"

"अमावास्येचे. मठातल्या म्हाताऱ्या स्वामींचा गुडघा धरला होता न्हवं का. दुसऱ्याला पाठवतो म्हणाले. ते आले."

"ते मठातलेच होते, हे कुणी सांगितलं?"

चन्नप्पांनी जरा आठवून पाहिलं. कुणीच सांगितलं नव्हतं.

त्यांच्या घरात दर अमावास्येला जंगमाला, म्हणजे लिंगायतांच्या मठातल्या स्वामींना, जेवायला बोलवायची रीत आहे. स्वामी आले की पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, विभूती आणि फूल वाहायचं, त्या पाण्याचं तीर्थ घ्यायचं, मग पान वाढायचं. शिवबाईनं ही रीत कधी चुकवली नाही, म्हणून चन्नप्पाही चुकवत नव्हते. त्या अमावास्येला काव्या सकाळीच पुरणाच्या होळग्या करून शाळेत गेली होती. वाढायला केराबाई होत्या. चन्नप्पा दारात वाट बघत उभे होते आणि बोळातून एक पांढऱ्या शर्टातला माणूस आला. कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, खांद्याला पिशवी, हात जोडलेले. लिंगायत एकमेकांना नमस्कार करताना म्हणतात तसं म्हणाला, "शरणार्थी."

"बर्री अय्यनोरे, बर्री!" चन्नप्पा कानडीत म्हणाले, म्हणजे या स्वामी, या.

त्या माणसानं मागे वळून पाहिलं. हे स्वागत कुणाचं चाललंय ते त्याला कळेना. बोळात दुसरं कुणी नव्हतं. मग तो आत आला.

"मठातनं पाठवलं न्हवं?"

"सगळी शिवाची इच्छा," तो म्हणाला. हे उत्तर कुठल्याही प्रश्नाला चालतं.

चन्नप्पांनी त्याला पाटावर बसवलं. त्याच्या पायांत बूट होते. बूट चन्नप्पांनी काढले. आत मोजे होते. मोजेही चन्नप्पांनीच काढले. मोज्यांचा वास आला तो त्यांनी भक्तीनं सोसला. हल्लीचे स्वामी मोटारसायकलवर फिरतात, बूट घालणारच, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मग परातीत पाय ठेवून ते धुतले, बोटांच्या बेचक्यांतून नीट चोळले, पुसले, विभूती लावली, फूल ठेवलं, डोकं टेकवलं. त्या माणसानं एकदा पाय मागे घेतला होता, पण चन्नप्पांनी धरून ठेवला. नंतर त्यानं सोडूनच दिलं.

"आणि तीर्थ?" काव्यानं विचारलं. तिनं हातातली पिशवी अजून खाली ठेवली नव्हती.

चन्नप्पांनी ओठ पुसले.

"मी पण घेतलं की गं," केराबाई उंबऱ्यातून म्हणाल्या. "मला जरा खारट लागलं. म्हटलं, मठातल्या विहिरीचं पाणी असंल."

"आज्जी, पाणी आपल्या हंड्यातलं होतं. मठातले फक्त पाय होते. तेसुद्धा नव्हते."

"मग खारट कशानं लागलं?" केराबाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता घरात जाऊन चूळ भरायला लागल्या. त्या गोष्टीला तीन आठवडे होऊन गेले होते.

जेवण झाल्यावर त्या माणसानं पिशवीतून पाटीएवढा फोन काढला. चन्नप्पांना त्याचंही नवल वाटलं नाही, मठाचा कारभार आता संगणकावर असतो. तो म्हणाला, "अण्णा, गॅसचं कार्ड अक्कांच्या नावावर हाय का?"

"व्हय."

"अक्का लिंगैक्य झाल्या न्हवं?"

"व्हय."

त्यानं मान हलवली. "वाईट नियम आलाय, अण्णा. मयताचं नाव काढून टाकणार. सरकार आता सिलिंडर बंदच करणार हाय, पण त्याच्याआधी मयताची नावं पुसणार. घरज्योतकडं वळवलं तर मात्र नाव हाय तसं राहतंय. अक्कांचंच राहतंय. कायमचं."

एवढंच पुरलं. गॅस पाइपातून येतो की बाटलीतून, स्वस्त पडतो की महाग, चन्नप्पांनी काही विचारलं नाही; पाइप येईपर्यंत सिलिंडर येतच राहणार असं ते धरून चालले. दारोदार माल विकणाऱ्या माणसाला प्रत्येक घरात काय दुखतंय ते आधी शोधावं लागतं. इथे त्याला शोधावंही लागलं नव्हतं, होळगीबरोबर पानातच वाढलं होतं. शिवबाईचा बटणांचा फोन चन्नप्पांनी चालू ठेवला होता, चार्ज करून, रिचार्ज मारून. तिच्या फोनवर आकडे आले. चन्नप्पांनी ते चष्मा लावून वाचून दाखवले. ज्याचे पाय आपण आत्ताच धुतले, तो खोटं बोलतोय असा विचार करायला माणूस फार हुशार तरी लागतो नाहीतर फार वाईट तरी. चन्नप्पा दोन्ही नव्हते.

"मामा," काव्या म्हणाली, "तुमी त्याला आकडे सांगितले, वर होळगी वाढली, वर दक्षिणा पण दिली असंल."

"दक्षिणा घेतली न्हाई त्यानं."

"तेवढा प्रामाणिक निघाला म्हणायचा."

दुसऱ्या दिवशी ते दोघं घरज्योतच्या ऑफिसात गेले. ऑफिस नवीन, काचेचं, गारेगार. भिंतीवर मोठा फोटो होता. त्यात एक बाई निळ्या ज्योतीकडे अशी बघत होती, की जन्मात तिनं दुसरं काही बघितलं नसावं. खुर्च्यांवर माणसं बसली होती आणि सगळ्यांची तक्रार एकच होती. शहराच्या पूर्व भागातला एक विणकर म्हणाला, "आमच्यात आला तवा तेलुगू बोलला. लांबचा पाहुणा निघाला. माझ्या मेव्हण्याच्या गावचं नाव सांगितलं."

शेजारी एक दाढीवाले चाचा होते. ते म्हणाले, "हमारे यहाँ टोपी डालको आया था, मियाँ. बोल्या, ये गॅस सीधा दुबई से आता."

"नाव काय सांगितलं?" काव्यानं विचारलं.

"अनिल," विणकर म्हणाला.

"अनवर," चाचा म्हणाले.

टेबलामागच्या मुलीनं फाइल उघडून पाहिली. खरं नाव अनिलकुमार होतं. "सर, संमती आलेली आहे," ती चन्नप्पांना म्हणाली. "शिवबाई मॅडमनी स्वतः ओटीपी दिलाय."

"शिवबाई मॅडम वारल्यात," काव्या म्हणाली.

"कधी?"

"तुमाला ओटीपी द्यायच्या लई आधी."

मुलीनं पुन्हा फाइलमध्ये पाहिलं. फाइलमध्ये शिवबाई जिवंत होती. "मग रद्द करण्यासाठी अर्ज द्यावा लागेल. रद्द करताना अर्जदार स्वतः हजर पाहिजे."

"अर्जदार कोण?"

"शिवबाई मॅडम."

आता चन्नप्पा टेबलावर दोन्ही हात ठेवून वाकले. "बाई, आमच्यात माणूस गेलं की बसवून पुरतात. ती तिकडं बसलीच हाय. तुमी फक्त वेळ सांगा, उठवून आणतो."

विणकर हसला, चाचांनी "तोबा" म्हटलं. मुलीला काय करावं ते सुचेना, तिनं पाण्याचा ग्लास पुढे केला. तिचा यात काही दोष नव्हता. तिच्याकडे उत्तरांचा एक कागद होता आणि त्या कागदात हा प्रश्न नव्हता.

"पाइप कधी येणार?" काव्यानं विचारलं.

"लवकरच, मॅडम."

"तोवर स्वयंपाक कशावर करायचा?"

"कंपनी दिलगीर आहे," मुलगी म्हणाली. हे मात्र कागदात होतं.

घरी काव्यानं विजेची शेगडी आणली. तिच्यावर भाकरी नीट भाजत नाही, पापुद्रा सुटत नाही, आणि बोळातली वीज गेली की पातेलं अर्ध्या शिजल्या डाळीसकट झाकून ठेवायचं. काव्या काही बोलायची नाही. पण पातेलं ठेवायचा आवाज बोलायचा. एकदा मात्र ती बोलली. "मामा, मला पण आत्यांची आठवण येते. पण शाळेच्या आधी डाळ शिजली पाहिजे."

"व्हय गं," चन्नप्पा म्हणाले.

मग एके दिवशी दुपारी शिवबाईचा फोन वाजला.

"हॅलो, शिवबाई मॅडम का? घरज्योतमधून बोलतोय, अनिलकुमार."

चन्नप्पांनी आवाज ओळखला. "मॅडम बाहेर गेल्यात. मी त्यांचा मालक."

"अण्णा! शरणार्थी! अण्णा, एक काम होतं. कंपनी समाधानी ग्राहकांचे फोटो काढतीय. पिवळ्या डबीसमोर उभं राहायचं, हसायचं, बास. तुमचं घर लई साधं-भोळं, म्हणून तुमचंच नाव दिलंय."

चन्नप्पांच्या तोंडात शिव्या आल्या होत्या, त्यांनी गिळल्या. "या की. अमावास्येला या. जेवूनच जावा."

फोन ठेवून ते तसेच केराबाईंकडे गेले. पुढचं सगळं केराबाईंनी केलं. बोळाला सांगायचं म्हणजे त्यांना फक्त दारात उभं राहायचं होतं.

अमावास्येला अनिलकुमार आला तेव्हा कपाळावर विभूती होतीच. मात्र बोळात शिरल्यावर त्याची चाल मंदावली. दोन्ही बाजूंना दारोदार माणसं उभी होती. पुरुषांनी टोप्या घातल्या होत्या. बायकांच्या हातांत तांबे होते. चन्नप्पांच्या दारासमोर बोळातच पाट मांडला होता, भोवती रांगोळी घातली होती. पाटाशेजारी खुर्चीवर मठातले म्हातारे स्वामी गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. या वेळी ते रिक्षानं आले होते, कारण ही गोष्ट त्यांच्याही कानावर गेली होती. गेल्या अमावास्येला त्यांनी पाठवलेला पोरगेला स्वामी दारापर्यंत आला होता, आत पाटावर कुणीतरी जेवताना बघून आपल्याला उशीर झाला असं समजला होता आणि उपाशी परत गेला होता.

"बर्री अय्यनोरे, बर्री!" सगळा बोळ एकदम म्हणाला.

अनिलकुमारनं मागे वळून पाहिलं. मागे कल्लप्पा टेंपो आडवा लावून उभा होता.

"फोटो... इथेच काढू या का?" अनिलकुमार म्हणाला.

"आधी पाय," चन्नप्पा म्हणाले. "बसा."

तो बसला. बसला नसता तर केराबाईंनी बसवला असता. त्यांनी स्वतः पुढे होऊन त्याचे बूट ओढले. "मोजे बदललेत वाटतं," त्या बोळाला ऐकू जाईल असं म्हणाल्या.

"आमच्या बी घरचं पाणी घ्या, स्वामी."

"आमच्या नातवाला ताप येतोय, अंगारा द्या की."

"माझं गुडघं दुखतंय, हात फिरवा."

"स्वामी, म्हशीचं बघता का?"

तांबे एकामागून एक रिते होत होते. अनिलकुमारची पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजली. रांगोळी वाहून गेली. म्हातारे स्वामी शांतपणे पुढे झुकले. "कुठल्या मठाचे आपण?"

"मी... कंपनीचा."

"गुरू कोण?"

"साळुंखे सर."

"ते कुठल्या पीठाचे?"

"एरिया मॅनेजर आहेत."

बोळात हशा झाला. स्वामी हसले नाहीत. "गळ्यात लिंग हाय?"

अनिलकुमारनं मान खाली घातली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं, ते त्यानं शर्टाच्या आत लपवलं होतं. केराबाईंनी दोरी धरून ते बाहेर काढलं आणि उलटसुलट करून पाहिलं. "ह्याच्यात तर निस्ता फोटोच हाय की," त्या म्हणाल्या. "तो बी विभूती पुसलेला."

चन्नप्पा त्याच्यासमोर उकिडवे बसले, पहिल्या वेळी बसले होते तसेच. "मला एकच सांग. मी पाय धुवायला लागलो तवा तू बोलला का न्हाईस?"

अनिलकुमारनं ओले पाय पाटाखाली ओढून घेतले. "अण्णा, रोज दारं तोंडावर आपटतात. कुत्री सोडतात. एका बाईनं राख टाकली होती अंगावर. तुमी या म्हणालात. पाटावर बसवलं. मला उठवंना."

"आणि मग नाव कायमचं राहतंय म्हणालास, ते?"

"ते शिकवलंय आमाला. मयत असलं तर नावाचं बोलायचं. म्हातारी माणसं असली तर सिलिंडर फुटल्याचं बोलायचं. सूनबाई घरात असली तर बोलायचंच न्हाई, परत यायचं."

काव्या दारात उभी होती. "का?" तिनं विचारलं.

"प्रश्न विचारतात," अनिलकुमार म्हणाला.

"आता फोन लाव तुझ्या गुरूला," चन्नप्पा म्हणाले. "अक्काचं कार्ड जसं होतं तसं परत पाहिजे म्हण. सगळ्यांना ऐकू येऊ दे."

अनिलकुमारनं ओल्या हातानं फोन लावला, आवाज मोठा केला. सगळा बोळ पुढे सरकला.

"सर, ती शुक्रवार पेठेतली केस. उंबरजे. म्हातारे म्हणतात, परत पाहिजे."

"कुठली? मेलेली बाई का?" फोनमधून आवाज आला. सर काहीतरी खात होते. "अरे सोड की. बाई मेलीय, तक्रार कोण करणार? म्हाताऱ्याचे किती दिवस राहिलेत? डबी लागली ना भिंतीला? आपलं टार्गेट डबीचं आहे, गॅसचं नाही. पुढची गल्ली घे."

फोन बंद झाला. कल्लप्पा टेंपोपाशी थुंकला.

"परत होत न्हाई, अण्णा," अनिलकुमार हळू आवाजात म्हणाला. "खरं सांगतो आता. मृत्यूचा दाखला जोडून कंपनीला द्यायचा. मग ते अक्कांचं नाव काढतात. मग एजन्सीकडं नवीन कनेक्शन मागायचं. ते जिवंत माणसाच्या नावावर मिळतंय. तुमच्या. दुसरा रस्ता न्हाई."

"म्हंजे नाव मीच काढायचं."

"व्हय."

चन्नप्पा उठले. गुडघ्यावर हात देऊन, हळूच. "तू कुठला रे?"

"मंद्रूपचा."

"तुझ्या घरी गॅस कुठला?"

अनिलकुमार ओशाळला. "सिलिंडर," तो म्हणाला.

या वेळी म्हातारे स्वामीसुद्धा हसले.

अमावास्या होती. पाटावर बसवलेल्या माणसाला उपाशी लावून द्यायची रीत त्या घरात नव्हती, आणि अनिलकुमारसाठी नवीन रीत काढायची चन्नप्पांची इच्छा नव्हती. त्यांनी आधी स्वामींना वाढलं, मग त्याला. केराबाईंनी होळगी त्याच्या पानात जरा उंचावरूनच टाकली. "खा. विजेच्या शेगडीवरची हाय, मधी कच्ची असंल. तुझ्याच कृपेनं." तो खाली मान घालून सगळं जेवला. कच्चं होतं तेही जेवला. फोटो कुणी काढला नाही.

नंतर त्याला त्या पेठेत कुणी पाहिलं नाही. तेलुगू बोलणारा पाहुणाही पूर्व भागातून नाहीसा झाला. आता त्याच्या जागी दुसरा माणूस फिरतो म्हणे, त्याला कानडी येतं. घरज्योतचा पाइप बोळात आलेला नाही.

अनिलकुमारनं दिलेला शब्द मात्र कंपनीनं पाळला. शिवबाईचं नाव राहिलं. तिच्या फोनवर दर महिन्याला निरोप येतो, "प्रिय शिवबाई, आपण आमच्यावर दाखवलेल्या विश्वासाबद्दल आभार. आपल्या घरी लवकरच निळी ज्योत." चन्नप्पा तो चष्मा लावून वाचतात. जिच्याशी लग्न होऊन जन्म गेला तिला त्यांनी कधी 'प्रिय' म्हटलं नव्हतं. आणि आता ही चोर कंपनी म्हणतेय.

कल्लप्पा टेंपो घेऊन येतो तेव्हा चन्नप्पा आता दारात थांबत नाहीत. एकदा तो त्यांच्या सुतळीच्या दुकानात येऊन बसला.

"अण्णा, नवीन कार्ड घ्या तुमच्या नावानं. हाक मी अक्काचीच मारतो की. कोण विचारायला येतंय?"

"पावतीवर नसलेलं नाव ओरडशील?"

"ओरडतो की."

"मग तू आणि त्यो अनिलकुमार एकच," चन्नप्पा म्हणाले.

कल्लप्पाला ते लागलं. तो चहा अर्धा टाकून उठला. चन्नप्पांनी त्याला थांबवलं नाही. पण संध्याकाळी दुकान बंद करून परत जाताना त्यांनी एजन्सीतून अर्ज आणला आणि काव्याच्या हातात दिला. तिनं तो त्याच रात्री भरला. घराचा पत्ता, चन्नप्पांचं नाव, आणि जुन्या ग्राहकाच्या नावापुढे छापलेला शब्द, 'मयत', त्याच्याशेजारी खूण करायला चौकोन. खूण काव्यानं केली नाही. म्हणाली, "ते तुमी करा, मामा." मृत्यूचा दाखला तिनं अर्जाला टाचून दिला. महेश्वरनं फोनवरून बजावलं, एजन्सीनं सांगितलं, केराबाई रोज विचारतात.

घरात अजून विजेचीच शेगडी आहे. अर्ज देवळीत आहे. चौकोनात खूण केलेली नाही, खाली सही केलेली नाही.